नवीन ग्रामपंचायत सदस्यांसाठी: गावातल्या आई-बाळाच्या पोषणाचं काम कुठून सुरू करायचं?

निवडून आलात की लोक तुमच्याकडे गटार, पथदिवे, घरकुलाची यादी आणि शेतरस्ता घेऊन येतात. "नातीचं वजन वाढेना, जरा लक्ष घाला" असं सांगायला ग्रामपंचायतीत कुणी येत नाही. म्हणून पाच वर्षं सरली तरी बऱ्याच सदस्यांना वाटतं, पोषण हे अंगणवाडीचं काम, आपला त्यात काय संबंध?

संबंध आहे, आणि तो घटनेतच लिहिलेला आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे 29 विषय आहेत. पिण्याचं पाणी, आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास आणि रेशन व्यवस्था हे सगळे त्यात येतात. आई-बाळाच्या पोटात काय जातं आणि त्यातलं अंगी किती लागतं, हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी या पाच विषयांतच आहेत. अंगणवाडी चालवतो महिला व बालविकास विभाग, दवाखाना चालवतो आरोग्य विभाग. पण अंगणवाडीला नळ आहे का, विहिरीत औषध पडतं का, मजुरीला गेलेल्या बाईचं लेकरू दिवसभर कुणाजवळ असतं, हे तुमच्या हातात आहे.

राज्याची स्थिती एकदा डोळ्यांखालून घाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत, 36.1 टक्के मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे आणि 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी आहेत. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीतले आकडेही जवळपास हेच होते. मेळघाट, धडगाव, मोखाडा ही नावं आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण दर तीन मुलांमागे एकाहून जास्त मूल कमी वजनाचं असेल, तर ते फक्त डोंगरात नाही, तुमच्या वॉर्डातही आहे.

पहिली पायरी: माणसं ओळखा, अंगणवाडीत जाऊन बसा

शपथेनंतरच्या पहिल्या महिन्यात चार जणींना भेटा: अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई आणि उपकेंद्राच्या आरोग्य सेविका म्हणजे सिस्टर. तपासणीला आल्यासारखे जाऊ नका. या बायांना तपासायला आधीच खूप साहेब येतात. "ताई, तुमचं कुठं अडतं?" एवढंच विचारा आणि वहीत लिहून घ्या.

बहुतेक ठिकाणी उत्तरं सारखीच येतात. वजनकाटा बिघडलाय. पावसाळ्यात छत गळतं. संडास आहे पण पाणी नाही. गरम ताजा आहार शिजवणाऱ्या बचत गटाचं बिल महिनोन्महिने अडकलंय. पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये माहिती भरायला रेंज नाही. यातल्या निम्म्या गोष्टी ग्रामपंचायत स्वतः करू शकते. उरलेल्या गोष्टींसाठी तुमचं पत्र लागतं, कारण सेविकेने वर तक्रार केली तर तिलाच बोलणी बसतात.

अंगणवाडीत सकाळी, आहाराच्या वेळेला जा. पातेल्यात काय शिजतंय ते बघा. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना, गरोदर बाईला आणि स्तनदा मातेला पूरक आहार मिळणं हा त्यांचा हक्क आहे. तीन वर्षांवरच्या मुलांना अंगणवाडीत शिजवलेलं मिळतं. त्याहून लहान मुलांसाठी आणि आयांसाठी घरपोच आहार म्हणजे टीएचआर येतो. ही पाकिटं घरी जाऊन कुणाच्या पोटात जातात, हे सेविकेला नक्की माहीत असतं. कधी ती शेळीलाही घातली जातात. त्यावर आईला रागवून उपयोग नाही. चव का आवडत नाही ते विचारा आणि त्याच पिठाचा उपमा, थालीपीठ, लाडू करून दाखवायला बचत गटातल्या बाया पुढे करा.

दुसरी पायरी: आकडे मागा, नावं चावडीवर नेऊ नका

दर महिन्याला सेविकेकडून मोजक्या गोष्टी घ्या: किती मुलांचं वजन-उंची झाली, किती सॅम निघाली, किती मॅम, किती मुलांचं वजन मागच्या महिन्यापेक्षा घटलं किंवा जागेवरच राहिलं. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित. मला यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सॅम हे मुलाच्या घसरणीचं शेवटचं टोक असतं. सलग दोन महिने वजन न वाढलेलं मूल आजच हाताशी धरलं, तर ते तिथवर जात नाही.

मोजमाप कसं होतं ते एकदा स्वतः बघून घ्या. दंडघेर पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वापरतात. डावा दंड घ्यायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, हात सैल सोडून पट्टी गुंडाळायची. ती आवळायची नाही आणि ढिलीही ठेवायची नाही. 11.5 सेंमीच्या आत आलं तर लाल म्हणजे सॅम, 11.5 ते 12.5 च्या मध्ये पिवळं म्हणजे मॅम, त्यावर हिरवं. मूल रडत, हात ताणत असेल तर पट्टी चुकते. आईच्या मांडीवर बसवून, शांत झाल्यावर पुन्हा घ्यायची. वजन करताना स्वेटर, कमरेचा जाड करदोटा, पायातले वाळे निघालेत का बघा. हिवाळ्यात कपड्यांसकट केलेलं वजन उन्हाळ्यात 'घटतं' आणि मग सगळेच चक्रावतात.

आणखी एक गोष्ट: मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही क्षण हलकं दाबलं आणि खळगा तसाच राहिला, तर ती सूज आहे. अशा मुलाचं वजन कितीही दिसो, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. गुबगुबीत दिसतंय म्हणून घरचे निर्धास्त असतात, तिथेच घात होतो.

सॅम मुलांची नावं ग्रामसभेत वाचून दाखवू नका. मी हे होताना पाहिलंय. आई मान खाली घालून उठून जाते आणि पुढच्या महिन्यात मुलाला वजनाला आणतच नाही. सभेत आकडा मांडा. घरी मात्र सेविकेबरोबर जा.

तिसरी पायरी: पाणी

पोषणाच्या लेखात पाण्याला एवढी जागा कशाला, असं वाटेल. पण जुलाबात लेकरू आठ दिवसांत जेवढं उतरतं, तेवढं भरून काढायला महिने लागतात. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाला कितीही चांगलं खाऊ घाला, अंगी लागत नाही. गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखं आहे ते. आणि पाणी हा तर पूर्णपणे ग्रामपंचायतीचा विषय.

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरच्या गोणीपासून सुरुवात करा. ती कुठे ठेवलीय? ओलसर खोलीत, तोंड उघडं टाकून ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि जलसुरक्षक पाण्यात नुसता चुना टाकत राहतो. पावडरीत किमान 20 टक्के क्लोरीन हवा. नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तपासून घेता येतो. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायची चाचणी. ती टाकीखालच्या नळाला न करता वस्तीतल्या शेवटच्या नळाला करायला सांगा, शक्यतो तुमच्यासमोर. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोहोचतोय. पांढरंच राहिलं तर त्या वस्तीतली मुलं बिनऔषधाचं पाणी पितायत. अनेक गावांत शेवटचा नळ दलित वस्तीत किंवा पाड्यावर असतो, हे ध्यानात ठेवा.

आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे पहिल्याच मासिक सभेत विचारा. लाल असेल तर दुसरी सगळी कामं बाजूला ठेवा.

चौथी पायरी: पैसा कुठे आहे?

"निधी नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. चार ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण म्हणजे ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न. त्यातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करणं बंधनकारक आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं मिळून वर्षाला सहा लाख येत असतील, तर 60,000 रुपये या कामाचे आहेत. मागच्या तीन वर्षांत ते कशावर गेले, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (आपले ग्रामसेवक) लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी हा पैसा हळदीकुंकवाची भांडी, एखादा मेळावा यावर संपतो. तो कार्यक्रम गोड वाटतो, पण त्याच पैशात अंगणवाडीला चांगला वजनकाटा, उंचीमापक, पाण्याची टाकी, गॅस शेगडी आणि लहान मुलांना वापरता येईल असा संडास होतो. मी सदस्य असते तर पहिली दोन वर्षं यावरच हट्ट धरला असता.

दुसरं, वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगात (2021-26) यातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि 40 टक्के अबंधित. हा निधी ग्रामपंचायत विकास आराखड्यातूनच खर्च होतो. आराखड्यात काम नसेल तर वर्षभर ओरडून उपयोग नाही. आराखड्याची ग्रामसभा साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणजे पोषणाची कामं सप्टेंबरच्या पोषण महिन्यातच लिहून काढा.

तिसरं, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिला दरवर्षी 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी येतो. रक्कम छोटी, पण आजारी मुलाला आणि आईला तालुक्याला न्यायला गाडी लागली, तर ती याच पैशातून पटकन करता येते. समिती कागदावरच असेल तर आधी तिची बैठक बोलवा.

चौथं फक्त पेसा क्षेत्रासाठी, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागासाठी. तिथे आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट येतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण ही त्यातली एक ठरलेली बाब आहे.

काम मंजूर करून घ्यायचं तर ठराव नेमका लिहा. "अंगणवाडीच्या विकासाबाबत चर्चा झाली" या वाक्याला काही अर्थ नाही. असा लिहा:

"विषय क्र. 4: अंगणवाडीस पाणीपुरवठा. अंगणवाडी केंद्रात नळजोडणी नसल्याने आहार शिजविण्यास व शौचालयास पाणी उपलब्ध होत नाही. सबब ग्रामपंचायत स्वनिधीतील 10 टक्के महिला व बालकल्याण निधीतून नळजोडणी करणे व 500 लिटरची टाकी बसविणे या कामास मंजुरी देण्यात येते. काम 30 दिवसांत पूर्ण करून पुढील मासिक सभेत अहवाल सादर करावा. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर."

निधी कोणता, मुदत किती आणि अहवाल कधी, ही तीन वाक्यं नसतील तर सूचक म्हणून सही करू नका.

पाचवी पायरी: सहा महिन्यांनंतरचा घास

बाळंतपणानंतर पहिल्या तासात अंगावर पाजणं, चीक टाकून न देणं, सहा महिने फक्त आईचं दूध, हे आता आशाताई घरोघर सांगतात आणि बरंचसं पोहोचलंय. घरोघर जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून सिद्ध केली, आणि पुढे ती देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाली. आपल्या राज्यातलं काम आहे हे, अभिमानाने सांगा.

खरी घसरण सुरू होते ती सहाव्या महिन्यानंतर. बाळाला आता वरचं अन्न हवं असतं आणि नेमकी त्याच सुमाराला आई कामावर परत जाते. सकाळी आठला गेलेली बाई पाचला येते. मधल्या वेळात बाळ आजीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. आजी प्रेमाने भरवते, पण काय? वरणाचं वरचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्किट, रडलं की कुरकुऱ्यांचं पाच रुपयांचं पाकीट. पोट भरतं, बाळ गप्प होतं आणि वजन तिथेच थांबतं.

इथे सदस्याला खूप करता येतं. उष्टावण अंगणवाडीत घ्या. महिन्यात जी बाळं सहा महिन्यांची झाली, त्यांच्या आया, आज्या आणि वडीलही बोलवा. वडिलांना मुद्दाम बोलवा, कारण किराणा तेच आणतात. सरपंचांनी पहिला घास भरवावा. वाटीत घट्ट वरण आणि मऊ भात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. चमचा उलटा केला तरी अन्न पटकन ओघळू नये, इतकं घट्ट. शेजारी वरणाचं पाणी ठेवा आणि दोन्ही वाट्या आजीच्या हातात देऊन फरक दाखवा. नाचणीची खीर, शेंगदाण्याचं कूट, कुस्करलेलं अंडं, शेवग्याचा पाला, पिकलेलं केळं, यातलं बहुतेक गावातच मिळतं. एवढ्याशा पोटाला एका वेळी फार मावत नाही, म्हणून नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला दूध पाजून शिवाय दिवसातून दोन-तीनदा आणि त्यानंतर तीन-चार वेळा भरवावं लागतं. नऊ तास आई नसेल तर हे कोण करणार, हा प्रश्न त्याच सभेत मांडा.

त्याला पाळणाघरासारखं चांगलं उत्तर मला दिसलेलं नाही. समाजमंदिराची एक खोली, दोन विश्वासू बाया, पाळणे, पाणी आणि वेळेवर जेवण. सुगीच्या चार महिन्यांपुरतं चालवलं तरी फरक पडतो. जागा ग्रामपंचायतीची, मानधन 10 टक्क्यांच्या निधीतून, धान्य घरोघरचं. हे अवघड आहे आणि पहिल्या वर्षी निम्म्या आया येणार नाहीत. तरी करा.

मूल सॅम निघालं तर

सेविका आणि सिस्टर आधी भुकेची चाचणी घेतात. मूल खातंय आणि दुसरा आजार नाही, तर त्याला अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करून दिवसातून अनेकदा जास्त ताकदीचा आहार देतात. खात नसेल, सूज असेल, ताप-न्यूमोनिया असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात हलवावं लागतं. तिथे साधारण दोन आठवडे राहावं लागतं आणि इथेच बहुतेक आया "नको" म्हणतात. घरी दुसरं लेकरू आहे, म्हैस आहे, मजुरी बुडते, नवरा ऐकत नाही. बुडीत मजुरीची तरतूद असते, ती तिला सांगा. पण म्हैस आणि दुसरं लेकरू कोण बघणार, हे गावानेच सोडवायचं असतं. सासूशी बोलायला सिस्टरपेक्षा तुम्ही गेलात तर जास्त उपयोग होतो. न्यायला 102 किंवा 108 ची गाडी मिळते. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

गरोदर बाई

तिची नोंद पहिल्या तीन महिन्यांत झाली पाहिजे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला दोन हप्त्यांत 5,000 रुपये मिळतात आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000. पैसे अडतात ते बहुधा आधारमुळे: आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. तालुक्याला तिला चार खेपा मारायला लावण्यापेक्षा ग्रामपंचायतीत आधार शिबिर घ्या. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण गरम जेवण अंगणवाडीत मिळतं. त्याच्या आहार समितीची अध्यक्ष ग्रामपंचायतीची महिला सदस्यच असते. तुम्ही त्या पदावर असाल तर नुसत्या सह्या करू नका, त्या पंगतीत बसून जेवा.

आणि अठराच्या आतलं लग्न थांबवा. सोळाव्या-सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं स्वतःचं अंगच भरलेलं नसतं. बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा धोका तिथेच वाढतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं. तुमच्याच भावकीतलं लग्न असेल तेव्हा हे सगळ्यात कठीण जातं. 1098 वर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

स्थलांतर

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि त्यांची मुलं यादीतून गायब होतात. निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत आहे का बघा, लस आणि वजन करून घ्या, आणि मुकादमाकडून पोहोचण्याचं गाव लिहून घ्या. सेविकेला पोषण ट्रॅकरवर त्या कुटुंबाच्या स्थलांतराची नोंद करता येते. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या मुलांचं पुन्हा वजन घ्या; बहुतेक सॅम मुलं तेव्हाच सापडतात.

दर महिन्याला काय करायचं?

ग्राम आरोग्य व पोषण दिनाला अंगणवाडीत हजर राहा. मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर "माता-बाल पोषण आढावा" हा कायमचा विषय घाला आणि सेविका, आशा, सिस्टर यांना बोलवा, पण त्यांचा विषय सुरुवातीला घ्या, म्हणजे त्यांना तीन तास ताटकळावं लागणार नाही. नियमाप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती नुसत्या सह्यांवर उरकू देऊ नका, आणि वेळ बायांना विचारून ठरवा.

आहार आला नाही, बिल अडकलं, पद रिकामं आहे, अशा गोष्टींसाठी आधी पर्यवेक्षिका, मग बाल विकास प्रकल्प अधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेचे महिला व बालविकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी. आरोग्याचं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी. प्रत्येक वेळी ठरावाची प्रत जोडून लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. पंधरा दिवसांनी तीच पोच हातात घेऊन पुन्हा जा.